बारा पाऊणे नऊ

आमच्या उमेळ्यात दोन माणसं भेटली की आधी पाऊस-पाणी, मग कुणाकडचं लग्नकार्य आणि मग पोरांचं शिक्षण, असा बोलण्याचा क्रम असतो. मी गणित-विज्ञानाचा मास्तर, आता निवृत्त. त्यामुळे माझ्याशी बोलताना लोक थेट तिसऱ्या विषयावर येतात. गेली काही वर्षं त्यात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. “सर, शाळेत तो बोटाने चालणारा मोठा बोर्ड बसवलाय. पोरगा म्हणतो, त्यावर सगळं समजतं. मग वहीत का येत नाही?”

विचारणाऱ्याला वाटतं, बोर्डात काही कमी असेल नाहीतर पोरगा आळशी असेल. मला या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न दिसतो. दुसऱ्याने दाखवलेलं पाहणं वेगळं आणि आपल्याला कळणं वेगळं. हा फरक मुलाला सांगायची जबाबदारी कुणाची? मास्तरची, बापाची, की बोर्ड विकणाऱ्याची? आयुष्यभर खडू हातात धरल्यावरही मला याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

नायगाव स्टेशनवरून पश्चिमेला आमच्या गावाकडे आलं की आता इमारती लागतात. माझ्या लहानपणी या बाजूला केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, आणि खाडीकडे उतरलं की मिठागरं. माझा आजा मिठागरावर कामाला होता. शिक्षण चौथीपर्यंत. पण खाडीचं पाणी किती वाजता भरणार, हे तो अंगणात बसून सांगायचा. उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी आत घ्यायचं, बांध सांभाळायचे, हे काम वेळेचं. वेळ चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत थांबा.

त्याचा हिशेब असा. आजची तिथी घ्यायची, शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आणि तिला पाऊणने गुणायचं. जे येईल तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथून सहा तासांनी ओहोटी. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब जुना आहे. कोळी, खारवी, आगरी सगळ्यांना तो ठाऊक असतो. आणि गुणाकार करायला कागद लागत नसे, कारण त्या पिढीला पाऊणकी पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. तिन्हीसांजेला दिव्यापुढे बसून म्हटलेली ही अपूर्णांकांची पाढे-माळ आजाच्या जिभेवर शेवटपर्यंत होती.

मी एकदा त्याला विचारलं होतं, “आजा, पाऊणच का? अर्धा का नाही?” तो म्हणाला, “पानी घड्याल बघून येत नाय, पोरा. चांद बघून येतं.” हे उत्तर सुंदर होतं, पण माझ्या प्रश्नाचं नव्हतं. पाऊणच का, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या बापाने सांगितलं होतं, त्याच्या बापाला त्याच्या बापाने. नियम बरोबर चालत होता, म्हणून कुणी मुळाशी गेलं नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की संगणकाविषयी बोलताना आपण पटकन दोन पक्ष करतो. एकीकडे जुनं, खरं, मातीतलं ज्ञान. दुसरीकडे नवं, उथळ, पडद्यावरचं. मला हे पटत नाही. माझ्या आजाची पाऊणकीही एक यंत्रच होती. तिथी आत टाकली, वेळ बाहेर आली. मध्ये काय घडलं ते यंत्र चालवणाऱ्याला माहीत नाही. फरक एवढाच की ते यंत्र त्याच्या डोक्यात होतं.

पडद्याचं यंत्र आमच्याकडे यायला बराच वेळ लागला. भारतात बनलेला पहिला मोठा संगणक मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. १९६० साली तो कामाला लागला आणि पुढे त्याचं नाव ‘टिफ्रॅक’ ठेवलं गेलं. तिथून आमचं गाव लोकलच्या अंतरावर, पण शाळेच्या अंतराने फार दूर. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एका शाळेत मी पहिल्यांदा संगणकाची खोली पाहिली. थंडगार हवा, खिडक्यांना पडदे, दारात चपलांची रांग. आत जाताना एक शिक्षक हळू आवाजात म्हणाले, “हात लावू नका हं कशाला.” देवळातसुद्धा घंटा वाजवू देतात. इथे तेवढंही नव्हतं.

त्या खोलीत बसून मुलं काय शिकत असतील, याचा मी परतीच्या गाडीत विचार करत होतो. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, तिच्याकडून माणूस काय शिकणार? फार तर तिला नमस्कार करायला शिकेल.

याच टाटा संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. बा. मे. उदगावकर, वि. गो. कुलकर्णी ही मोठी माणसं त्यामागे होती. त्यांनी सुरुवात यंत्रांनी केली नाही. मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या बाजूच्या मुलांना विज्ञान का अवघड जातं, हे पाहायला ते वर्गात गेले. अडथळा पुष्कळदा विज्ञानाचा नसतो, पुस्तकाच्या भाषेचा असतो, हे कुलकर्णींनी आग्रहाने मांडलं. ‘बाष्पीभवन’ शब्दाला अडखळणारं मूल वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल विचारलं की घडाघडा बोलतं. ही गोष्ट मला माझ्या वर्गात रोज दिसत होती. कुणीतरी ती गंभीरपणे घेतली, याचं बरं वाटलं.

आता यंत्राची बाजू सांगतो, कारण तिच्यावर अन्याय करायचा नाही. सेमूर पेपर्ट नावाचा गणितज्ञ अमेरिकेत होता. १९६७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लोगो’ नावाची मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पडद्यावर एक कासव. त्याला सांगायचं, इतकं पुढे जा, इतक्या अंशांत वळ. ते रेघ काढत जातं. पेपर्टचं म्हणणं असं की मुलाने संगणकाला शिकवावं. संगणकाने मुलाला वळण लावू नये.

आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा मी आठवीच्या मुलांना हे कासव दिलं आणि म्हटलं, तिन्ही बाजू समान असलेला त्रिकोण काढा. सगळ्यांनी लिहिलं: १०० पुढे, ६० अंश उजवीकडे, असं तीनदा. कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ होतं. कासवाने तीन रेघा काढल्या आणि तोंड भलतीकडे करून थांबलं. त्रिकोण मिटलाच नाही. एका मुलाने चिडून तीच आज्ञा आणखी तीनदा दिली, तर षटकोन तयार झाला. वर्गात हशा. मग एक मुलगी उठली आणि जमिनीवर स्वतः कासवासारखी चालू लागली. कोपऱ्यावर आली, वळली, थांबली आणि म्हणाली, “सर, मी आतला कोन वळत नाही. सरळ जाणार होते तिथपासून वळते. ते १२० आहे.”

बाह्यकोन मी फळ्यावर वीस वर्षं शिकवला होता. इतका स्वच्छ तो कुणी मला परत सांगितला नव्हता. आणि दुसरी एक गोष्ट लक्षात आली. सगळा वर्ग चुकला होता, पण कुणाचीही मान खाली नव्हती. आमच्या पिढीत चुकीचं उत्तर म्हणजे छडी, नाहीतर हसं. कासव ओरडत नाही. जे सांगितलं तेच निमूट करतं आणि तुमची चूक तुमच्यासमोर रेघ ओढून ठेवतं. दारातली ठिपक्यांची रांगोळी बिघडली की बाई पुसून पुन्हा काढते, तसं मूल पुसतं आणि पुन्हा काढतं. अपमान न होता चुकता येणं, ही माझ्या मते या यंत्राची सगळ्यात मोठी देणगी आहे. ती नाकारणं म्हणजे मुलांवर अन्याय करणं.

जिओजेब्रा नावाची भूमितीची प्रणाली ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टरने केली. ती फुकट मिळते. त्रिकोणाचं टोक बोटाने ओढा, तीन कोन बदलत राहतात, बेरीज १८० वरून हलत नाही. फळ्यावर मी एक त्रिकोण काढणार, फार तर चार. इथे मूल दोन मिनिटांत शंभर पाहतं. नाणेफेकीचं तसंच. दहा वेळा नाणं उडवलं तर सात छापे येतात आणि मुलाला पुस्तक खोटं वाटतं. हजार वेळा उडवायला वर्गात वेळ नाही; संगणक क्षणात उडवतो.

पण गोम इथेच आहे. ते हजार वेळा खरंच उडवलं गेलं का? नाणं कुठे आहे? कुणीतरी लिहिलेल्या आज्ञांप्रमाणे आकडे आले. कासवाला मूल सांगतं, म्हणून काय घडतंय ते त्याला माहीत असतं. नाण्याच्या खेळात कुणा तिसऱ्यानेच सांगून ठेवलेलं असतं. मूल फक्त पाहतं.

एक प्रसंग सांगतो. मिठाच्या पाठावर वर्गात एक चित्रफीत लावली होती. छान होती. खाऱ्या पाण्याचा वाफा, वर सूर्य, पाणी नाहीसं होतं, खाली पांढरं मीठ चमकतं. निवेदक सांगतो, पाणी पूर्ण आटलं की मीठ उरतं. मागच्या बाकावरून एक मुलगा पुटपुटला, “असं नाय करत.” मी फीत थांबवली आणि त्याला उभं केलं. त्याची आजी मिठागरावर काम केलेली. तो म्हणाला, “सगळं पाणी सुकवलं तर मीठ कडू होतं. आजी सांगते, मीठ धरलं की वरचं पाणी काढून टाकायचं.”

मुलगा बरोबर होता. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळं आपलं खायचं मीठ नव्हे. पाणी आटत जाताना आधी जिप्समसारखे क्षार खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटच्या पाण्यात राहतात. ते पाणी काढून टाकलं नाही तर मिठाला कडवटपणा आणि ओल येते. फीत करणाऱ्याने हे बहुधा सोपं करण्यासाठी वगळलं असेल. त्याला दोष देत नाही. पण चाळीस मुलांपैकी एकोणचाळीस ते पाहून खूश होती. एकाने शंका घेतली, आणि तीही पुटपुटत, कारण एवढ्या मोठ्या उजळ पडद्यापुढे आजीचं नाव घ्यायची त्याला लाज वाटत होती.

त्या लाजेचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, इथे प्रश्न नीतीचा होतो. पडद्यावरचा प्रयोग हा प्रयोग नसतो, ती साक्ष असते. कुणीतरी सांगतोय की असं घडतं. साक्ष खरी असू शकते, बहुतेक वेळा असतेही; आपलं अर्धं ज्ञान साक्षीवरच उभं आहे. मी अमेरिका पाहिली नाही, तरी ती आहे असं मानतो. पण साक्षीला डोळ्यांनी पाहिलेलं म्हणणं ही फसवणूक आहे. पडद्यावर पाणी नेमकं १०० अंशांना उकळतं. आमच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर कधी ९८ दाखवायचा, कधी ९९. मुलं विचारायची, सर, कुठे चुकलं? मग थर्मामीटर किती बुडवला, त्याच्या खुणा किती भरवशाच्या, पावसाळी दिवशी हवेचा दाब किती, असं बोलणं निघायचं. तो एक-दोन अंशांचा फरक म्हणजेच विज्ञानाचा तास. पडद्यावर तो फरक नसतो, कारण बनवणाऱ्याने तो घातलेला नसतो. खाडी मात्र कुणी धड्यासाठी बनवलेली नाही.

ही चर्चा कुणाला पोटभरल्यांची वाटेल. आमच्या इथे ती तशी राहिली नाही. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, ते पुष्कळांना आठवत असेल. गाड्या बंद, मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसं अडकली, बचाव पथकं आली. वीज गेली. फोन एकेक करून बंद पडले. १० तारखेला सकाळी आमच्या अंगणात गुडघाभर पाणी आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, आणखी किती चढणार? पुतण्याचा मुलगा तेव्हा नववीत. भरतीची वेळ दाखवणारं ॲप त्याच्या फोनमध्ये होतं आणि फोन काळाठिक्कर. शेजारच्या म्हाताऱ्या काकू ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली, “कितवी रं आज?”

कालनिर्णय भिंतीवर होतं. म्हटलं, “बारस.”

“बारा पाऊणे नऊ,” त्या म्हणाल्या. “नवाला भरती. तिनाला ओहोटी. तवर पोरांना माल्यावर बसव. तिनानंतर पानी हटंल, तवा बाईला नि पोरांना रोडाकडे काढ. राती परत चढंल.”

तसंच झालं. दुपारी तीननंतर पाणी चार बोटं उतरलं, आम्ही बायका-मुलांना उंचावरच्या घरी नेलं, आणि रात्री पाणी पुन्हा चढलं. पाऊस किती पडेल हे काकूंच्या नियमाला ठाऊक नव्हतं. पण साचलेलं पाणी खाडी कधी घेईल आणि कधी घेणार नाही, एवढं ठाऊक होतं, आणि त्या दिवशी तेवढंच हवं होतं.

पूर ओसरल्यावर पुतण्याच्या मुलाने मला तोच प्रश्न विचारला जो मी आजाला विचारला होता. “आजोबा, पाऊणच का?”

त्या हिवाळ्यात मी माझ्या नववीच्या वर्गाला हाच प्रकल्प दिला. खाडीच्या काठी बांबू रोवला, त्यावर वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा केल्या. सुट्टीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावर मुलं पाळीपाळीने जात आणि पाणी सर्वात वर कधी आलं ते लिहीत. एका रकान्यात बांबूची वेळ, दुसऱ्यात मुंबईची छापील वेळ, तिसऱ्यात काकूंची पाऊणकी. हे सगळं शाळेच्या संगणकावर मांडलं.

आधी मात्र एक अट होती. संगणक सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा: पाऊणकी किती मिनिटांनी चुकेल आणि कधी जास्त चुकेल? काहींनी लिहिलं, चुकणारच नाही. काहींनी लिहिलं, जुनं आहे, फार चुकेल.

हिशेब सोपा आहे, वाचकानेही करून पाहावा. अमावस्येला आणि पौर्णिमेला आपल्याकडे भरती साधारण बाराला येते. म्हणजे पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाचे १२ तास फिरून परत बारावर येते. ७२० मिनिटं भागिले १५, उत्तर ४८. पाऊण तास म्हणजे ४५. रोज ३ मिनिटं कमी. पंधरा दिवसांत ४५ मिनिटं कमी, म्हणजे बरोबर एका तिथीचा पाऊण तास! पौर्णिमेला पाऊणकी सव्वाअकरा सांगते, पाणी बाराला येतं. मग दुसऱ्या दिवसापासून गणती पुन्हा एकपासून, आणि चूक आपोआप पुसली जाते. ४८ मिनिटांचा पाढा जिभेवर बसत नाही, पाऊणचा बसतो. मिठागरावर उभ्या असलेल्या माणसाला तीन मिनिटांचं काही पडलेलं नसतं. पाऊणच का, याचं उत्तर चंद्रात अर्धं होतं आणि जिभेत अर्धं.

इथवर वही पुरली. पुढचं वहीत दिसलं नसतं. संगणकाने महिन्याभराच्या छापील वेळांचा आलेख काढला तेव्हा रेघ सरळ आलीच नाही. उधाणाच्या दिवसांत भरती रोज ४८ पेक्षा कमी मिनिटांनी पुढे सरकत होती आणि भांगाच्या दिवसांत एक तासाहूनही जास्त. मुलांना वाटलं आकडे चुकले. पुन्हा घातले, तरी तेच. मग सूर्य आला. पाणी ओढणारा चंद्र एकटा नाही. सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या निम्म्याहून थोडी कमी आहे, आणि दोघं एका रेषेत असले, काटकोनात असले की वेळा पुढेमागे होतात. आणि बांबूवरची वेळ छापील वेळेच्या मागे पडत होती, कारण छापील वेळ मुंबई बंदराची आणि पाणी खाडीतून आत यायला वेळ घेतं.

मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. हिंदुस्थानच्या बंदरांची भरती-ओहोटी काढण्यासाठी १८७९ च्या सुमारास लंडनमध्ये एक यंत्र तयार झालं होतं. वीज नाही, पडदा नाही. पितळी चाकं, कप्प्या आणि एक दोरी. प्रत्येक चाक चंद्र-सूर्याच्या एकेका ओढीचं, दोरी सगळ्यांची बेरीज करायची आणि लेखणी कागदावर लाट काढायची. आजाच्या पाऊणकीच्या काळातच आमच्या बाजूच्या समुद्राचा हिशेब यंत्र करत होतं. एका मुलीने विचारलं, “मग खरं कुणाचं सर? काकूंचं, छापलेलं, की आमच्या बांबूचं?”

मी म्हटलं, “बांबूचं खरं, पण तो उद्याचं सांगू शकत नाही.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तिघंही लागतात.”

माझं या बाबतीतलं म्हणणं त्या वर्गात तयार झालं. संगणकाची जागा तिथे आहे, जिथे मुलाकडे स्वतःचा प्रश्न आहे, स्वतःचा अंदाज आहे आणि हाताने घेतलेली निदान एक तरी नोंद आहे. मग तो काकूंना, छापखान्याला आणि बांबूला एका रांगेत उभं करतो, आणि कुणाचाही मान न राखता फरक दाखवतो. असं काम मास्तर एकटा करू शकत नाही. पण प्रश्न, अंदाज आणि नोंद यांच्या आधीच पडदा लागला, तर मुलाला मिळते ती फक्त आणखी एक साक्ष, आजाच्या ‘तसंच असतं’पेक्षा जास्त चकचकीत.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि मार्च २०२० मध्ये शाळाच बंद झाल्या. सगळं शिक्षण एका फोनवर आलं. आमच्या गावात कित्येक घरांत फोन एकच, आणि तो बापाबरोबर सकाळी कामावर जायचा. तास दुपारी, फोन रात्री. ज्यांच्याकडे दोन फोन ती मुलं पुढे गेली. असमानता यंत्राने आणली नाही, ती होतीच. पण यंत्र सगळ्यांना सारखं करील असं जे सांगितलं जात होतं, ते तेवढ्यापुरतं खोटं ठरलं. त्याच वेळी मी असंही पाहिलं की एक मुलगी रात्री दहाला बापाचा फोन घेऊन एकच धडा चार वेळा लावून ऐकत होती. वर्गात चौथ्यांदा विचारायची तिची हिंमत झाली नसती. त्याच वर्षी सोलापूरच्या परितेवाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्यासाठी त्यांचं नाव झालं. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावात, एकशिक्षकी शाळेत, प्रत्येक मुलाच्या हाती एक छोटा लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. या दोन्ही ठिकाणी मला यंत्रापेक्षा जास्त दिसतो तो मुलांबरोबर बसलेला मास्तर. गावोगाव वर्गणी काढून बोर्ड बसवले जातात, याचं मला कौतुक आहे. त्या वर्गणीत मास्तरला वेळ देण्याची तरतूद कुठे असते, एवढंच मी विचारतो.

आता तर पोरं गणिताचा फोटो काढतात आणि फोन पायऱ्यांसकट उत्तर देतो. पालक म्हणतात, ही चोरी आहे, फोन काढून घ्या. मी त्यांना सांगतो, काढून घेऊन उपयोग नाही, उद्या तो शेजाऱ्याकडे मिळेल. चोरी असलीच तर ती उत्तराची नाही. उत्तर काय, पुस्तकाच्या मागे पूर्वीही छापलेलं असायचं. चोरीला जातो तो उत्तर येण्याआधीचा वेळ, ज्या वेळात मूल चुकतं, अडतं, जमिनीवर कासवासारखं चालून पाहतं. तो वेळ मुलाचा हक्काचा आहे. कमी मिळकतीच्या घरातल्या मुलाचा तर जास्तच, कारण उद्या त्याच्याकडून काम करून घेणारे पुष्कळ भेटतील. विचार करायला वेळ देणारं शाळेशिवाय कुणी भेटणार नाही.

म्हणून मला विचारायला येणाऱ्या बापांना मी सांगतो, बोर्ड असू द्या, फोनही असू द्या. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पोराजवळ बसा आणि एकच विचारा: बघायच्या आधी तुला काय वाटलं होतं? तुम्हाला गणित येत नसलं तरी हे विचारता येतं. पहिल्या दिवशी पोरगं गप्प राहील. चार दिवसांनी बोलायला लागेल, कारण तुम्ही परत विचारणार हे त्याला कळेल. खाडीवर नेता आलं तर फारच उत्तम. मिठागरं आता मोजकीच उरली आहेत, बांधांवर भराव पडतो आहे, आणि पाण्याच्या वेळाही बदलत असतील. किती बदलल्या, ते कुठल्या पडद्यावर सापडणार नाही. कुणीतरी बांबू रोवून पाहावं लागेल.